उशिरा उडणारा पोस्टमन

तिला भिंगरी कोण म्हणायला लागलं ते आता कुणाला सांगता येत नाही, पण म्हणणाऱ्यानं माप घेऊनच नाव शिवलं होतं. बाई सुखानं एका जागी बसली आहे असं तिच्या नवऱ्यानं एकदाच पाहिलं, लग्नात. तेव्हाही म्हणे ती पायाच्या अंगठ्यानं चटईच्या काड्या उसवत होती. चहा उभ्यानं. केस विंचरायचे ते घरभर फिरत. तिच्याशी भांडायचं तर मागोमाग चालत भांडावं लागे, आणि दोन खोल्यांच्या घरात माणूस चालून चालून किती चालणार, म्हणून भांडणं लवकर मिटत.

नवरा लिफ्टमन. एका मोठ्या इमारतीत स्टुलावर बसून दिवसभर वर-खाली करायचा. भिंगरी म्हणायची, "ह्यांचा दिवसाचा प्रवास जोडत गेलं तर माणूस चंद्रावर पोचेल. पण हे उतरणार तिथंच, तळमजल्यावर." तो ऐकून घ्यायचा. लिफ्टमनला लोकांचं ऐकून घ्यायची सवय असते.

ती स्वतः पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात पंचिंग मशीनवर होती. हे मशीन म्हणजे उभं ठेवलेलं लोखंडी पुस्तक समजा. उघडतं, मिटतं, उघडतं, मिटतं, कुणासाठी थांबत नाही. एका पानावर पोलादी पात्यांचा साचा बसवलेला, दुसरं पान सपाट. पुस्तक उघडलं की उजव्या हातानं कोरा पुठ्ठा सपाट पानावर खुणेच्या खिळ्यांना टेकवायचा आणि हात काढायचा. धप्प. खोक्याचा आकार कापला गेला. पुन्हा उघडलं की डाव्या हातानं कापलेला पुठ्ठा ओढायचा, उजव्यानं नवा ठेवायचा. हाताच्या आड एक जाळी होती, पण ती आड येते म्हणून कुणीतरी केव्हाच काढून ठेवली होती.

घरात जिचं बूड टेकत नसे ती ह्या मशीनपुढं शहाणी व्हायची. अंगातली सगळी चुळबुळ त्या चाकाला जुंपली जायची. मारका बैल जुंपला की कसा गुमान चालतो, तसं. संध्याकाळी मशीन बंद झालं की बैल पुन्हा मोकळा.

मशीनच्या रांगेतला सगळ्यात जुना माणूस साडेतीन. उजव्या हाताला तेवढीच बोटं शिल्लक, म्हणून साडेतीन. लोक तोंडावर म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. त्याचं पहिलं बोट गेलं तेव्हा तो बरा होऊन परत मशीनपुढं उभा राहिला, तर दुसऱ्याचंही अर्धं गेलं. तेव्हापासून रांगेत एक रीत पडली. हात निघायला इतका उशीर झाला की मिटत्या पानांतून पिळून निघालेली हवा बोटांना जाणवली, तर माणसानं आपण होऊन मशीन बंद करायचं, हात पुसायचे आणि चिकटवणीच्या टेबलाला जाऊन बसायचं. 'वारा लागला' एवढंच म्हणायचं. पुढं कुणी काही विचारायचं नाही. आणि टेबलाला बसलेलं माणूस परत मशीनवर यायचं नाही. मालकाचा ह्यात काही संबंध नव्हता. रीत रांगेची होती.

टेबलावर खोक्यांच्या कडांना डिंक लावत दिवसभर बसायचं. बाकीच्यांना ते पेन्शनीसारखं वाटे. भिंगरीला नुसत्या विचारानं पायाला मुंग्या येत.

तर एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना लेकीनं घरात मोठा टीव्ही आणि नवा गेमचा कन्सोल आणला. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि घरी येऊन टीव्हीत बंदुका चालवायची. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, इकडे ये. ह्याच्यात जुने गेम पण आलेत. तुझा पोस्टमन सापडला."

पोस्टमनचं असं होतं. भिंगरीच्या थोरल्या भावानं तरुणपणी घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान काढलं होतं. पेटाऱ्याएवढे जाडजूड टीव्ही, बाकडी, आणि तासाच्या बोलीवर बसलेली पोरं. त्यात हा एक गेम. बोटभर उंचीचा पोस्टमन कौलांवरून धावतो, मागं कुत्रं लागलेलं, पुढं दोन घरांमधली फट. कौलांच्या शेवटच्या ओळीवर पाय पडला की बटण दाबायचं. आधी दाबलं तर फटीत, मागाहून दाबलं तरी फटीत. पोरं अडली की आतल्या खोलीकडे बघून हाका मारत, "ताई, तेवढं एक घर ओलांडून द्या ना." ताई तेव्हा शाळकरी. झाडू बगलेत धरून यायची, उभ्या उभ्या पोराच्या खांद्यावरून हात घालून घर ओलांडून द्यायची आणि झाडत पुढं जायची. त्यात काही विशेष आहे असं तिला वाटत नसे. आपल्याला शिंकण्यात काय विशेष वाटतं?

आता ती पदराला हात पुसत आली. कंट्रोलर उभ्यानंच घेतला. पोस्टमन धावला, कुत्रं धावलं, कौलाची शेवटची ओळ आली, तिनं बटण दाबलं. पोस्टमन फटीत.

"झोपला होतास का रे," ती पोस्टमनला म्हणाली.

पुन्हा फटीत. पुन्हा फटीत. पहिलंच घर. जे घर पोरंसुद्धा आपली आपण ओलांडायची.

"वय झालं पोस्टमनचं," नवरा खुर्चीतून म्हणाला. "पेन्शनीला आला असेल एव्हाना."

"थांब, मागं घेता येतं." लेकीनं एक बटण दाबून धरलं. फटीत पडलेला पोस्टमन उलटा वर आला, कुत्रं शेपटाकडून पळालं, दोघं जिथून निघाले होते तिथं जाऊन उभे राहिले. "चुकलं की मागं घ्यायचं. नवीन कन्सोलमध्ये सोय आहे."

भिंगरीनं कंट्रोलर विंचू झटकावा तसा खुर्चीवर टाकला. "असली कसली सोय? आमच्या साडेतीनला विचार, मागं घेता येतं का ते."

ती बोलून गेली, पण बोलल्यावर तिचं तिलाच काहीतरी लागलं. ती स्वयंपाकघरात गेली, हातातलं काम सोडून दुसरंच काढलं, तेही सोडलं. हात नळाखाली धरून बघितला. हात होता तसाच होता. पण ज्या हातानं झाडू न सोडता घरं ओलांडली तो आता पहिल्या घराला पडत होता, हे काही नळाखाली धुवून जाणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मशीनपुढं उभी राहिली तेव्हा इतक्या वर्षांत कधी नव्हे ते तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. तिथंच बिघडलं. चालताना पायाकडे पाहिलं की माणूस अडखळतो, तसं. हात पुढं जाताना तिला वाटायचं, हाच तो उशीर. ती घाईनं मागं घ्यायची, मग पुठ्ठा खिळ्याला टेकायचा नाही, खोकं वाकडं कापलं जायचं. शेजारच्या मशीनवरचा मिशीवाला म्हणाला, "बाई, आज काय तिरकी खोकी? बूटही तिरकेच घालायचेत का त्यात?"

घरी आली की चप्पल न काढता ती पोस्टमन लावायची. रोज. आज तरी ओलांडेल, म्हणजे कालचं काय ते नजरेचं, झोपेचं, वाऱ्यावरचं. पोस्टमन रोज फटीत. आधी दाबलं तर कधीमधी पलीकडे जायचा, पण शेवटच्या ओळीवर दाबलं की पडायचाच, आणि तिला माहीत होतं दाबायचं ते शेवटच्या ओळीवरच.

"एक दिवस सुट्टी दे गं त्याला," नवरा म्हणाला. "अशी कुठली पत्रं अडलीत?"

"तुम्ही गप बसा."

"मी बसलेलोच आहे. तू बस."

ती बसली नाही. आणि मग एका सकाळी मशीन उघडलं, उजवा हात पुठ्ठा घेऊन निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. नुसता थांबला, बिचकल्या घोड्यागत. पुठ्ठा खाली पडला. मशीन रिकामंच मिटलं. धप्प. भिंगरीनं दांडा ओढून मोटार बंद केली. चाक आपलं फिरत फिरत गप झालं.

साडेतीन पलीकडून बघत होता. "वारा लागला?"

लागला नव्हता. हात पानांच्या जवळपाससुद्धा नव्हता. पण पोस्टमनमुळं थांबले असं कारखान्यात कोण सांगणार? "हो," ती म्हणाली. हात पुसले आणि टेबलाला जाऊन बसली.

टेबलावरच्या बायका सरकल्या. "ये, टेक. लई उभी राहिलीस." त्यांनी मायेनंच म्हटलं. पण भिंगरीचा पाय टेबलाखाली शिलाई मशीनसारखा हलायला लागला, डिंकाचे डबे थरथरले. "भूकंप आला की काय," एकजण म्हणाली. दुसरीनं आपला डबा उचलून मांडीवर घेतला. दुपारपर्यंत भिंगरीनं पाण्याच्या नावानं, बाथरूमच्या नावानं, पुठ्ठा आणायच्या नावानं इतक्या फेऱ्या मारल्या की सुपरवायझरनं विचारलं, पोट बिघडलंय का.

पाठीमागं तिच्या मशीनवर आता मिशीवाला. त्याची लय तिच्या मानेला टोचायची. धप्प, धप्प, मग मध्येच एक पुठ्ठा हुकून रिकामं धप्प. डिंक लावता लावता तिचा उजवा हात आपोआप अर्धी वीत पुढं जायचा आणि परत यायचा. घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त रात्रीची पोळी लाटताना पोळपाट इतका आपटायची की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

रविवारी दुपारी भाऊ आला. आता त्याचं पोट सुटलेलं, चष्मा जाड झालेला, दुकानाचं केव्हाच कपाटांचं गोदाम झालेलं. भाचीनं त्याला पोस्टमन दाखवला तसा तो लहान पोरासारखा जमिनीवर बसला. आणि पडायला लागला.

"मामा, तुझं दुकान होतं ना?"

"दुकान माझं होतं. खेळायची तुझी आई. मी पैसे घ्यायचो."

भिंगरी तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून डबे पुसत होती. पुसलेलेच डबे. तिला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. भावाच्या अंगठ्याखाली बटण वाजायचं, टक्. मग पोस्टमन उडायचा, टुप्प. मग पडायचा. टक्, टुप्प. टक्, टुप्प.

तिचा हात डब्यावर थांबला. मशीनवर ती कधी डोळ्यांनी काम करत नव्हती, कानानं करायची. मशीनचा आवाज पुढं-मागं झाला की पट्टा ढिला झालाय हे तिला आधी कळायचं. आता हे टक् आणि टुप्प, ह्यांच्यामध्ये कायतरी होतं. नदीच्या पलीकडच्या काठाला कुणी कपडा आपटतं, कपडा दगडावर पडलेला आधी दिसतो आणि आवाज मागाहून चालत येतो. तेवढं नाही. पण तसलंच.

ती बाहेर आली. "दादा, परत दाब."

"काय दाबू?"

"बटण. पोस्टमनकडे बघू नको. नुसतं दाबत राहा."

त्यानं दाबलं. ती डोळे मिटून उभी. नवऱ्यानं पेपर खाली घेतला, कारण बायको न हलता उभी होती.

"बटण आधी वाजतंय," भिंगरी म्हणाली. "उडी मागनं येतेय."

"ते असतंच गं," लेक म्हणाली. "असले टीव्ही चित्र घासूनपुसून मग दाखवतात, त्यात जरासा वेळ जातो. सेटिंग बदललं की जातं."

"मग बदललं का नाहीस?"

"मला कुठं जाणवतं? हातांना सवय झाली. आणि आमचे गेम थोडं सांभाळून घेतात. हा जुना आहे, हा नाही घेत."

"सांभाळून घेतात," भिंगरी म्हणाली. तिनं फडका एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला. "आणि मी इकडे वारा लागला म्हणून टेबलाला जाऊन बसले."

नवरा म्हणाला, "कुठल्या टेबलाला?"

"चिकटवणीच्या."

"कधी?"

"झाले थोडे दिवस."

"मला सांगितलं नाहीस ते?"

"सांगून? तुम्ही लिफ्ट पाठवणार होता?"

भावाला मागाहून कळलं तसा तो हसायला लागला. "टीव्हीच्या साक्षीवर तू स्वतःला मशीनवरून काढलंस? अगं, नवऱ्याच्या साक्षीवर कुणी इतका भरवसा ठेवत नाही."

लेकीनं सेटिंग बदललं. टक् आणि टुप्प एक झाले. भिंगरीनं कंट्रोलर घेतला, उभ्यानं. पोस्टमननं पहिलं घर ओलांडलं, दुसरं ओलांडलं, तिसऱ्यावर कुत्र्याला मागं टाकलं. भाऊ मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघ. झाडू दे रे कुणीतरी तिला." नवऱ्यानं चहा ठेवला. असा चहा तो वर्षातून एखाद्या वेळी ठेवायचा.

पण पुढं दोन घरांमध्ये झुलती फळी होती. फळी इकडे आली की तिच्यावर, आणि टेकता क्षणी पलीकडे. दोन टक् लागोपाठ. पूर्वी ती ही जागा गाणं गुणगुणत ओलांडायची. आता पहिलं टक् बरोबर पडायचं आणि दुसरं पाठोपाठ यायचं ते केसभर मागं. पोस्टमन फळीच्या कडेला पाय घासत खाली. पुन्हा. पुन्हा. चहा निवला. तिनं कान देऊन ऐकलं. बटण आणि उडी एकत्र वाजत होती. टीव्हीवर ढकलायला आता जागा नव्हती.

"दमलीस," भाऊ म्हणाला.

"नाही. इथं मीच उशिरा."

भिंगरीनं खोलीत दोन चकरा मारल्या, खिडकी उघडली, लावली.

लेक जपून म्हणाली, "वेग कमी करता येतो. ती पण सोय आहे."

"आणि मग ओलांडलं म्हणायचं?"

"ओलांडलंच ना मग."

भिंगरी खिडकीशी उभी राहिली. मग म्हणाली, "कर बरं."

पोस्टमन जरा जड पावलानं धावायला लागला, कुत्रंही. फळी रेंगाळत आली. टक्, टक्. पोस्टमन पलीकडे. पूर्वीची झिंग त्यात नव्हती. पण तो पलीकडच्या कौलावर होता आणि कुत्रं अलीकडे भुंकत होतं.

सोमवारी ती टेबलाकडे न वळता सरळ साडेतीनपुढं जाऊन उभी राहिली. "अहो साडेतीन, मला वारा लागला नव्हता."

"लागला म्हणालीस."

"खोटं बोलले."

"वारा लागलाच नव्हता म्हणून परत आलेला एक माणूस मी रोज बघतो," साडेतीन म्हणाला. "दाढी करताना."

"लागला नव्हता, पण लागेल. केसभर उशीर व्हायला लागलाय. लागोपाठ दोन कामं आली की."

"मग टेबल तिकडं आहे."

"टेबल माहीत आहे मला. मला पट्टा उतरवायचाय."

मशीनच्या मागं मोटारीला पायऱ्यांची पुली असते. मोठ्या पायरीवर पट्टा चढवला की मशीन जोरात, खालच्या पायरीवर उतरवला की सावकाश. सगळ्या रांगेचे पट्टे मोठ्या पायरीवर होते. तसा कुणाचा हुकूम नव्हता. खालची पायरी मशीन बनवणाऱ्यानं उगाच केलीय अशीच सगळ्यांची समजूत होती. माणूस उठून जायचा, पट्टा कधी हलायचा नाही.

"पट्टा कुणी उतरवत नाही," साडेतीन म्हणाला.

"का?"

त्यानं मिशीवाल्याला मशीन बंद करायला सांगितलं, मागं गेला, वाकून पुली पाहिली. पट्ट्याची पायरी आरशासारखी घासली होती. खालच्या पायरीवर गंज, कारखाना सुरू झाल्यापासून तिथं काही टेकलंच नव्हतं. साडेतीन उभा राहिला, खिसा चाचपला, काचकागदाचा तुकडा काढला आणि साडेतीन बोटांनी गंज घासायला लागला. बराच वेळ घासत होता. रांग थांबून बघत होती. मग त्यानं पट्टा ओढून खाली बसवला आणि हात झटकले.

मशीन चालू झालं. घर्रर्र, धप्प. घर्रर्र, धप्प.

"मशीन म्हातारं केलंत की बाई," मिशीवाला म्हणाला.

"तुझ्या मिशीत पांढरं आलंय ते बघ आधी. आणि जाताना ती जाळी शोधून दे. आता आड आली तरी चालेल."

आवाज ऐकून मालक केबिनमधून आला. त्याला मशीन कळत नव्हतं, पण वेग कळायचा. "हे का कण्हतंय?"

"सावकाश लावलंय," साडेतीन म्हणाला.

"माल कमी निघेल."

"निघेल. पुठ्ठाही कमी फुकट जाईल."

"आणि उद्या सगळेच पट्टे उतरवतील."

साडेतीननं खांदे उडवले. मालकानं थोडं उभं राहून पाहिलं, कापलेलं एक खोकं उचललं, कडा अंगठ्यानं तपासली, परत ठेवलं. "आठवडाभर बघतो," म्हणाला आणि गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

भिंगरीला वर बघायला फुरसत नव्हती. म्हणजे खरं तर फुरसतच होती, आणि तीच सोसत नव्हती. हात पुठ्ठा घेऊन केव्हाच पुढं जायचा आणि पानं अजून उघडतच असायची. तेवढा वेळ हातात पुठ्ठा धरून उभं राहायचं. दोन धप्पांच्या मधला तो मोकळा वेळ तिच्या पायात उतरायचा, टाच जमिनीवर आपटायला लागायची, खांदा हलायचा. मागून टेबलावरची एकजण म्हणाली, "तिथं पण भूकंप आहेच का?"

"उघड की गं बाई," भिंगरी मशीनला म्हणाली. मशीन आपल्या सवडीनं उघडलं. तिनं पुठ्ठा खिळ्यांना टेकवला, हात काढून घेतला, आणि मशीन मिटेपर्यंत तो हात कुठं ठेवायचा ते तिला कळेना.